अज्ञात स्त्री, वय अंदाजे चाळीस

टेप क्रमांक सतरा, बाजू ब.
कार्डावर टाकाच्या देखण्या अक्षरात:
गोंडी लोकगीत. प्रसंग: विवाह.
गायिका: अज्ञात स्त्री, वय अंदाजे चाळीस.
स्थळ: एटापल्लीकडे कुठंतरी.
(आम्ही माडिया म्हणतो. असो.)

हे उतरवून काढायचं काम हरकरे मॅडमनी मला दिलं,
पानामागे चाळीस रुपये
आणि एम.ए.च्या शेवटच्या पेपरातले वीस गुण.
नागपूरचा मे. विभागाच्या मागच्या खोलीत
कूलर पाण्यावाचून नुसताच घरघरतो,
खिडकीतून अमरावती रोडचे ट्रक आत येतात.
हेडफोनचा उजवा कान मुका.

हे शहर गोंड राजानं वसवलं,
असं इथे पहिल्या तासाला शिकवतात.
दुसऱ्या तासापासून आम्ही 'ते लोक' होतो.

आधी खरखर. मग एक कोंबडा.
मग ती.

दुसऱ्या कडव्याला मी पेन खाली ठेवलं.
(पेन म्हणजे आमच्याकडे देव;
इथे दोन रुपयांना रिफिल मिळते.)

लग्नाचं नाहीच हे.
चाल लग्नाची आहे, तेवढं खरं.
त्या चालीत ती सांगतेय
की हा चष्मेवाला तीन दिवस ओसरीवर बसलाय,
दोन कोंबड्या झाल्या खाऊन,
गावात कुणाचं लग्न नाही
तरी म्हणतो लग्नाचंच गा,
तर घे बाबा, गाते.
मागे बायका हसतात.
कार्डावर त्या हसण्याला नाव आहे: समूहस्वर.

आणि तिसऱ्या कडव्यात, स्वच्छ, दोनदा:
मी जुगरी.
पुंगाटीची लेक, नरोटेच्या घरची सून.

पंचेचाळीस वर्षं ती
पोलादी कपाटात बसून स्वतःचं नाव सांगत होती.
किल्ली शिपायाकडे.

फाइलीत जुनं भाषांतर आहे, इंग्रजी, टाइप केलेलं.
त्यात सगळीकडे एकच 'वुई'.
त्यात कुणीही मावतं.
मराठीत दोन आहेत:
आम्ही, समोरच्याला उंबऱ्याबाहेर ठेवून,
आपण, त्याला हाताला धरून.
आमच्या गावच्या बोलीतही दोन.
कुणी कुणाकडून घेतले यावर वर्गात एकदा
अख्खा तास भांडण झालं,
मॅडम म्हणाल्या, संशोधनाला वाव आहे.

जुगरी गाणंभर आम्ही म्हणते.
आम्ही उद्या मोह वेचायला जाऊ,
आम्ही याच्याशी बोलणार नाही.
माइक धरलेला माणूस
त्या शब्दाच्या बाहेर, उन्हात, मान डोलावत उभा.

शेवटच्या ओळीत मात्र
(मी टेप चार वेळा मागे नेली)
ती म्हणते आपण.
आपलं बोलणं आपण समजू.
तेव्हा बायका गप्प झाल्या होत्या.
चष्मेवाल्याला कळत नव्हतं.
मग कुणाला म्हणाली?
डाव्या कानात एवढंच, आणि कूलर.

रात्री वसतिगृहाच्या गच्चीवरून बाबांना ऐकवलं.
ते टेकडीवर चढून बसले होते, तिथेच रेंज येते.
बराच वेळ नुसता रातकिड्यांचा आवाज.
मग म्हणाले,
"कोंबड्यांचे पैसे दिले का त्यानं?"

मॅडमनी माझी पानं दोनदा वाचली.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"संदर्भ काय देणार?"
मी म्हटलं, ती सांगतेय ना स्वतः.
त्यांनी कार्ड माझ्याकडे सरकवलं, सोबत शिसपेन्सिल.
मी माझं पेन काढलं.

अज्ञात खोडलं नाही. शेजारी लिहिलं.
रकाना अरुंद, जुगरी पुंगाटी एवढंच बसलं,
नरोटे मागच्या बाजूला गेलं.
कोंबड्यांचं कुठे लिहायचं
ते अजून कळत नाही.